अमेरिकेत चर्चचे स्वयंसेवक अनोळखी माणसांची घरं का दुरुस्त करतात? आणि या कामात सगळ्यात जास्त काय लागतं?

दरवर्षी जून उजाडला की अमेरिकेत एक वेगळीच वर्दळ सुरू होते. वेगवेगळ्या राज्यांतल्या चर्चमधून शाळकरी मुलं आणि त्यांच्यासोबत काही मोठी माणसं व्हॅनमध्ये बसतात आणि केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या डोंगराळ भागाकडे निघतात. तिथे एखाद्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये पथारी पसरायची, सकाळी उठून एखाद्या अनोळखी माणसाच्या घराचं गळकं छप्पर उघडायचं, कुजलेली जमीन उपसायची आणि आठवडा संपला की परत जायचं. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत. उलट बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच आपल्या खिशातून शुल्क भरतात. त्यातून सामानाचा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च निघतो.

अमेरिकेबाहेर हा प्रकार फारसा कुणाला माहीत नाही. माहीत असलाच तर जिमी कार्टर हातोडा घेऊन उभे आहेत, त्या फोटोपुरता. पण यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, काही चांगले धडे आहेत आणि काही अवघड प्रश्नही आहेत. ते एकेक करून बघू.

श्रीमंत देशात घर दुरुस्त करायला स्वयंसेवक कशाला हवेत?

आपल्या डोक्यात गरीब म्हणजे ज्याच्याकडे घर नाही तो, असं समीकरण असतं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र घर स्वतःचं आहे, पण ते सांभाळायला पैसे नाहीत, अशी माणसं मोठ्या संख्येने आहेत. घर वडिलांनी बांधलेलं, कर्ज कधीच फिटलेलं. आता राहणारी व्यक्ती सत्तरीची, उत्पन्न म्हणजे सरकारी पेन्शन. छप्पर गळायला लागलं की त्या पेन्शनमधून ते बदलणं शक्य नसतं.

मग विमा? घराचा विमा वादळात झाड पडलं तर पैसे देतो. वीस-तीस वर्षांत छप्पर हळूहळू झिजलं, त्याचे देत नाही. बँकेचं कर्ज? उत्पन्न कमी म्हणून मिळत नाही. सरकारी योजना आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याची '५०४' या कलमाने ओळखली जाणारी योजना ग्रामीण भागातल्या अत्यल्प उत्पन्नाच्या घरमालकांना १ टक्का व्याजाने ४० हजार डॉलरपर्यंत कर्ज देते, आणि ६२ वर्षांवरच्या ज्यांना कर्ज फेडणं शक्य नाही, त्यांना १० हजार डॉलरपर्यंत अनुदान. ऐकायला बरं वाटतं. पण १० हजार डॉलरमध्ये तिकडे छप्पर, जमीन आणि बाथरूम तिन्ही कामं होत नाहीत.

त्यात भर म्हणजे 'मोबाइल होम'. कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून येणारं हे घर. नावात मोबाइल असलं तरी एकदा जागेवर ठेवलं की ते सहसा हलत नाही. अशा घरांसाठी देशभर लागू होणारे सुरक्षेचे नियम आले ते जून १९७६ मध्ये. त्याआधीची अनेक घरं अजून वापरात आहेत. जुन्या मोबाइल होमची जमीन बऱ्याचदा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असते. नळाखाली थेंब-थेंब पाणी पडत राहिलं की हा बोर्ड फुगतो, मऊ पडतो, आणि एक दिवस पाय आत जातो. अनेक दुरुस्ती योजना अशा जुन्या घरांना हात लावायला तयार नसतात, कारण दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीपेक्षा जास्त होतो. कागदावर ते बरोबरच आहे. पण त्या घरात राहणाऱ्या माणसाला दुसरीकडे जायला जागा नसते.

कोकणात पावसाळ्याआधी घराची शाकारणी करतात, कौलं चाळतात. एका वर्षी ते राहिलं तर काय होतं, हे तिकडच्या कुणालाही विचारा. घर एकदम पडत नाही. आधी एक कौल सरकतं, मग वासा भिजतो, मग भिंत. गरिबीत घर जातं ते असं, हप्त्याहप्त्याने.

सुरुवात कुठून झाली?

सुरुवात एकाच ठिकाणाहून झालेली नाही. पण सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते ॲपलेशियाचं. पूर्व अमेरिकेतल्या डोंगररांगांचा हा पट्टा. (मध्य आणि दक्षिण भागातले स्थानिक त्याला 'ॲपलॅचा' म्हणतात. 'ॲपलेशिया' म्हटलं की तुम्ही बाहेरचे, हे त्यांना लगेच कळतं.) इथे कोळसा होता, पण कोळशाचा पैसा इथे राहिला नाही. केंटकीत तर जमीन तुमच्या नावावर, पण जमिनीखालचं खनिज कंपनीच्या नावावर, असे जुने करार होते. त्यांच्या जोरावर कंपन्या मालकाला न विचारता वरची जमीन खोदू शकत होत्या. हे थांबवण्यासाठी १९८८ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी लागली.

१९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच वर्षी ते केंटकीतल्या आयनेझ या गावी एका घराच्या ओसरीवर जाऊन बसले. फोटो जगभर गेले. पाठोपाठ पत्रकार आले, कॅमेरे आले, योजना आल्या. स्थानिकांना मात्र आपल्या गरिबीचं प्रदर्शन मांडल्यासारखं वाटू लागलं. १९६७ मध्ये ह्यू ओ'कॉनर हे कॅनडाचे चित्रपट निर्माते केंटकीत एका भाड्याच्या घरासमोर चित्रीकरण करत होते. घराच्या मालकाने येऊन त्यांच्यावर गोळी झाडली. त्यात ओ'कॉनर यांचा मृत्यू झाला. खून तो खूनच. पण बाहेरच्यांबद्दल या भागात राग किती साचला होता, हे त्या घटनेने सगळ्या देशाला दिसलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ च्या उन्हाळ्यात, टेक्स इव्हान्स या मेथडिस्ट पाद्रींनी केंटकीतल्या बार्बरव्हिल गावात सुमारे ५० स्वयंसेवक आणले आणि चार कुटुंबांची घरं दुरुस्त केली. इव्हान्स या भागात आधीपासून काम करत होते. त्यांची मुख्य सूचना अशी होती की माणसं जशी आहेत तशी स्वीकारायची, त्यांना सुधारायला जायचं नाही. यातून 'ॲपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट' ही संस्था उभी राहिली. आज तिचं मुख्यालय टेनेसीतल्या जॉन्सन सिटीमध्ये आहे. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडं करणं, एवढंच या संस्थेचं ध्येय. घर सुंदर करू किंवा नवं करू, असं ती म्हणत नाही. मला हे 'एवढंच' महत्त्वाचं वाटतं. डोंगरातल्या हिवाळ्यात कोरडं आणि उबदार घर असणं किंवा नसणं हा आजारी पडण्या-न पडण्याचा प्रश्न असतो.

याच भागात फादर राल्फ बायटिंग या कॅथलिक धर्मगुरूंनी १९६४ मध्ये 'ख्रिश्चन ॲपलेशियन प्रोजेक्ट' सुरू केला होता. तोही घरदुरुस्तीचं काम करतो.

आठवडाभर नेमकं काय काम चालतं?

कुटुंब अर्ज करतं. स्वयंसेवक यायच्या बरेच आधी संस्थेची माणसं घरी जाऊन पाहणी करतात, मोजमापं घेतात आणि काय करता येईल, काय नाही, हे ठरवतात. मग उन्हाळ्यात दर आठवड्याला नवी तुकडी येते. एका घरावर साधारण सहा-सात जण, त्यात एक-दोन मोठे, बाकी चौदा वर्षांपुढची मुलं. सामान आणणं, कामाचं वेळापत्रक सांभाळणं ही जबाबदारी बऱ्याचदा कॉलेजच्या वयाच्या तरुणांवर असते. ते पूर्ण उन्हाळा तिथेच राहतात. कुटुंबाकडून पैसे घेतले जात नाहीत.

कामं कोणती? छपराचे पत्रे किंवा शिंगल्स बदलणं, जमिनीखालच्या कुजलेल्या तुळया काढून नव्या घालणं, भिंतीत उष्णतारोधक थर भरणं, बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवणं, पायऱ्या आणि रॅम्प बांधणं. विजेची आणि नळाची कामं सहसा परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी लागतात.

रॅम्पचं उदाहरण घेऊ, कारण त्यावरून कामाचा अंदाज येतो. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी अमेरिकेत एकास बारा हे प्रमाण धरतात. एक इंच चढायचं असेल तर बारा इंच लांबी हवी. म्हणजे घराचा दरवाजा जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब होतो. डोंगरउतारावरच्या घरासमोर सलग २४ फूट जागा क्वचितच मिळते. मग रॅम्प वळवायचा, वळणावर सपाट कट्टा करायचा, प्रत्येक खांबासाठी खड्डा खणायचा, आणि खणताना खडक लागला की जागा बदलून पुन्हा मोजायचं. सोळा वर्षांच्या मुलांनी पूर्ण आठवडा घाम गाळल्यावर जे तयार होतं, ते बघणाऱ्याला लाकडाचा एक साधा उतार वाटतो. पण घरातल्या आजींसाठी तो दवाखान्यात जाण्याचा रस्ता असतो. त्याच्याआधी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून उतरवावं लागत असे, किंवा त्या बाहेर पडतच नसत.

अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लोकांमध्ये दुखापतीने होणाऱ्या मृत्यूंचं पहिलं कारण पडणं हे आहे. म्हातारपणी माणूस पडला की अनेकदा घर सुटतं आणि वृद्धाश्रम येतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि घरदुरुस्ती करणारा कारागीर अशा तिघांना एकत्र म्हाताऱ्या माणसांच्या घरी पाठवायचा कार्यक्रम तयार केला. त्याचा चर्चशी संबंध नाही, पण मुद्दा तोच आहे. बाथरूममधला एक दांडा औषधाइतकाच उपयोगी ठरू शकतो.

मग धीर कुठे लागतो?

नवं घर बांधणं सोपं आहे, असं म्हटलं तर बांधकाम करणारे चिडतील. पण एका अर्थी ते खरं आहे. नव्या घराचा नकाशा असतो, सामानाची यादी असते, कोणत्या दिवशी काय होणार हे ठरलेलं असतं. दुरुस्तीत फळी उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही.

ठरलेलं काम असतं बाथरूमची मऊ पडलेली जमीन बदलायची. फरशीचा थर काढल्यावर खालची फळी काळी निघते. ती काढल्यावर तुळई कुजलेली. तुळई का कुजली हे शोधत गेलं तर भिंतीतला पाइप गळतोय. तो का गळतोय? कारण थंडीत गोठून फुटला होता. तो गोठला कशामुळे? घराखालचं आवरण निघून गेलंय आणि वारा थेट आत येतोय. सोमवारी सकाळी दोन दिवसांचं वाटलेलं काम बुधवारी संध्याकाळी तीन आठवड्यांचं झालेलं असतं. आणि तुकडीला शनिवारी परत जायचं असतं.

यावर उपाय एकच, काम पुढच्या तुकडीकडे सोपवायचं. ज्या मुलांनी जुनी जमीन उपसली, त्यांना नवी जमीन बघायला मिळत नाही. ज्यांनी खांब रोवले, ते रॅम्पवरून पहिल्यांदा खुर्ची जाताना हजर नसतात. हे ऐकायला लहान वाटतं, पण स्वयंसेवा करणाऱ्यांसाठी ती मोठी परीक्षा असते. मदत करणाऱ्यालाही शेवटचा फोटो हवा असतो. तो सोडून द्यायला शिकणं हा या कामातला एक भागच होऊन बसतो.

घरातल्या माणसाला त्याहून जास्त धीर धरावा लागतो, याची चर्चा कमी होते. विचार करा, तुमच्या बाथरूमची जमीन उघडी आहे आणि दर आठवड्याला नवी अनोळखी मुलं तुमच्या घरात फिरतायत. त्यांना तुमची भांडी, तुमची औषधं, तुमचा पसारा सगळं दिसतंय. दर सोमवारी तुम्ही पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देताय. दुपारी कामावरून उठून ओसरीवर कुटुंबासोबत जेवायला बसा, असं स्वयंसेवकांना आवर्जून सांगितलं जातं, ते याचसाठी. तेवढ्या वेळात काम मागे पडतं, पण घरमालक हा फक्त 'लाभार्थी' राहत नाही.

घर आहे, पण नावावर नाही

या सगळ्यात एक अडचण अशी आहे, जी वाचून महाराष्ट्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, वारसनोंद झालेली नाही, चार काका आणि त्यांची मुलं सगळे हिस्सेदार, त्यातले दोघे कुठे आहेत ते माहीत नाही. अगदी हाच प्रकार अमेरिकेत आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला की घर सगळ्या वारसांचं सामाईक होतं, आणि पिढ्या जातील तसे वारस वाढत जातात. ॲपलेशियातल्या गोऱ्या कुटुंबांमध्ये आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये अशी मालमत्ता विशेष दिसते. जुन्या कायद्यानुसार एखाद्या वारसाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर तो बाहेरचा माणूस कोर्टात जाऊन पूर्ण मालमत्ता विकायला लावू शकत असे. २०१० मध्ये यावर एक आदर्श कायद्याचा मसुदा तयार झाला. त्यानंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला.

घर दुरुस्तीशी याचा संबंध असा की मालकीचा कागद नसेल तर सरकारी मदत अडते. पूर किंवा चक्रीवादळानंतर मदत देणारी 'फेमा' ही केंद्रीय संस्था वर्षानुवर्षं अशा लोकांचे अर्ज फेटाळत होती. २०२१ मध्ये नियम सैल झाले आणि इतर पुरावे, काही वेळा स्वतःचं लेखी निवेदनही चालू लागलं. पण तोपर्यंत, आणि काही प्रमाणात त्यानंतरही, अशा घरांपर्यंत पोहोचले ते बहुतांशी चर्चचे स्वयंसेवक. याचा अर्थ त्यांना कागद बघावे लागत नाहीत, असा नाही. तेही बघतात, कारण उद्या दुसरा वारस येऊन म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणार असेल, तर नवं छप्पर नेमकं कुणासाठी घातलं, हा प्रश्न उरतोच. म्हणून काही ठिकाणी छप्पर घालण्याआधी वकील गाठावा लागतो.

मेनोनाइट: आपत्तीनंतर सगळे गेल्यावर येणारे

मेनोनाइट हा युद्धात भाग न घेणारा, शांततावादी ख्रिस्ती पंथ. दुसऱ्या महायुद्धात या पंथाच्या अनेक तरुणांनी बंदूक उचलायला नकार दिला आणि त्याऐवजी जंगलखातं, मनोरुग्णालयं अशा ठिकाणी सरकारने नेमून दिलेली कामं केली. युद्ध संपल्यावर त्यांच्यात प्रश्न उभा राहिला. सेवा काय फक्त युद्धाच्या काळातच करायची? १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावी चर्चच्या तरुण मंडळींच्या सहलीत यावर बोलणं झालं आणि त्यातून पुढे 'मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस' ही संस्था आली.

मेनोनाइट आणि त्यांचे भाऊबंद असलेल्या आमिश लोकांमध्ये कोठार बांधायची एक जुनी रीत आहे. एखाद्याचं कोठार जळालं की सगळा समाज एका दिवसात नवं उभं करतो, आणि ज्याचं कोठार त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण. आपल्याकडची इर्जिक आठवली ना? शेतकऱ्याचं काम अडलं की गावाने एक दिवस बैल-औतं घेऊन यायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. फरक एवढाच की मेनोनाइटांनी ही इर्जिक आपल्या समाजाबाहेर, अनोळखी माणसांपर्यंत नेली.

आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात मदतीचा पूर येतो. सहा महिन्यांनी कॅमेरे जातात, वर्षाने निधी आटतो. घरं परत बांधायचं काम खरं तर तेव्हा सुरू होतं. अमेरिकेत त्यासाठी स्थानिक संस्था आणि चर्च मिळून एक समिती नेमतात. तिथे एकेका कुटुंबाचं प्रकरण मांडलं जातं. एक संस्था म्हणते आम्ही लाकडाचे पैसे देतो, दुसरी म्हणते आमच्याकडे सुतार आहेत, तिसरी वायरिंगचा खर्च उचलते. २०२२ च्या जुलैमध्ये पूर्व केंटकीत पूर आला, ४० पेक्षा जास्त माणसं गेली, हजारो घरं पाण्याखाली होती. तिथे अशाच पद्धतीने, संथपणे, घरामागून घर उभं राहत गेलं.

कार्टर, विक्रोळी आणि लोणावळा

आता ज्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, त्यांच्याकडे येऊ. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था मिलार्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने १९७६ मध्ये जॉर्जियातल्या अमेरिकस शहरात सुरू केली. कल्पनेचं मूळ जवळच्याच कोइनोनिया फार्मवर होतं. क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मपंडिताने १९४२ मध्ये उभारलेली ही शेती. तिथे गोरे आणि काळे एकत्र राहायचे, म्हणून पन्नासच्या दशकात तिच्यावर बहिष्कार आणि गोळीबारही झाला. हॅबिटॅटचं सूत्र असं की घर फुकट द्यायचं नाही, पण नफाही घ्यायचा नाही. कुटुंबाने स्वतः बांधकामावर काही तास राबायचं, म्हणजे घामाचं भांडवल घालायचं.

जिमी कार्टर यांचं गाव प्लेन्स तिथून जवळच. १९८४ मध्ये ते आणि रोझलिन कार्टर इतर स्वयंसेवकांसोबत बसने न्यूयॉर्कला गेले आणि मॅनहॅटनमधल्या एका पडक्या सहामजली इमारतीच्या कामाला लागले. तिथे १९ कुटुंबांसाठी घरं तयार झाली. लोकांच्या लक्षात राहिली ती नवी घरं, पण कार्टर यांची सुरुवात जुनी इमारत दुरुस्त करण्यापासून झाली होती. त्यानंतर ते दरवर्षी एक आठवडा या कामाला देत राहिले. २०१९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते घरात पडले, डोक्याला १४ टाके पडले, तरी काळानिळा डोळा घेऊन नॅशव्हिलच्या कामावर हजर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

२००६ मध्ये कार्टर यांचा हा आठवडा आपल्याकडे, लोणावळ्याजवळच्या पाटण गावात झाला. देशोदेशींचे स्वयंसेवक आले आणि १०० घरं बांधली गेली. ब्रॅड पिट त्या काळात चित्रीकरणासाठी पुण्यात होता, तोही तिथे विटा लावायला गेला, त्यामुळे बातम्यांत कार्टरपेक्षा तोच जास्त दिसला. कार्टर घराण्याचं महाराष्ट्राशी नातं मात्र त्याहून जुनं. त्यांच्या आई लिलियन कार्टर नर्स होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी त्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि १९६८ पर्यंत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आरोग्यसेवेचं काम करत होत्या.

ही सेवा आहे की धर्मप्रसार?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, आणि तो विचारायलाही हवा.

या स्वयंसेवकांसाठी हे काम श्रद्धेचा भाग आहे, हे ते लपवत नाहीत. येशू स्वतः सुतार होता. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नावर त्याने सांगितलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट मराठी बायबल वाचणाऱ्यांना माहीत असेल. जखमी माणसाला मदत करतो तो त्याच्या धर्माचा नसतो, परका असतो. याकोबाच्या पत्रात कृतीशिवायचा विश्वास निर्जीव असल्याचं सांगितलंय. कामाचा दिवस संपला की तुकडी प्रार्थनेला बसते. पण ती त्यांची आपापसातली प्रार्थना.

मदत देताना धर्म बघायचा नाही, हे बहुतेक मोठ्या संस्थांचं जाहीर धोरण आहे. शिवाय कायदा आहे. १९९६ नंतर अमेरिकेत धार्मिक संस्थांना सरकारी पैसा घेऊन समाजसेवा करायची वाट मोकळी झाली, पण अटींसह. ज्याला मदत द्यायची त्याचा धर्म बघून भेदभाव करायचा नाही, आणि थेट सरकारी पैशातून धर्मप्रचार करायचा नाही. तरीही प्रश्न संपत नाही. छप्पर दुरुस्त करून देणाऱ्याने रविवारी चर्चला बोलावलं, तर नाही म्हणणं किती सोपं? उपकाराचं ओझं सक्तीपेक्षा वेगळं असतं, पण ओझं असतंच. ॲपलेशियात मदत घेणारे बहुतेक लोक आधीच ख्रिस्ती असतात, म्हणून तिथे हा ताण कमी जाणवतो. इतरत्र तसं म्हणता येणार नाही.

उलट दिशेने गेलेलं उदाहरणही आहे. टेक्सासमधल्या मिडलँड शहरात १९७३ मध्ये एका चर्चच्या गटाने 'ख्रिसमस इन एप्रिल' नावाने शेजाऱ्यांची घरं दुरुस्त करायला सुरुवात केली. आज तीच संस्था 'रिबिल्डिंग टुगेदर' या नावाने देशभर काम करते आणि तिची ओळख धार्मिक राहिलेली नाही.

टीका काय होते?

टीका घरातूनच झाली, हे विशेष. २००९ मध्ये आलेलं 'व्हेन हेल्पिंग हर्ट्स' आणि २०११ मधलं 'टॉक्सिक चॅरिटी' ही दोन्ही पुस्तकं ख्रिस्ती समाजसेवेत मुरलेल्या लेखकांनीच लिहिली. त्यांचा रोख असा की आठवडाभराच्या सेवासहलींमध्ये देणाऱ्याला समाधान मिळतं, पण घेणाऱ्याचा स्वाभिमान खचतो आणि स्थानिक माणसांच्या हाती काहीच राहत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या दर्जाचा. पंधरा वर्षांच्या मुलाने ठोकलेले शिंगल्स किती टिकणार? १९९७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार स्वयंसेवकाच्या हातून साधी चूक झाली तर सहसा त्याच्यावर वैयक्तिक दावा लावता येत नाही. ते आवश्यकही आहे, नाहीतर कुणी येणारच नाही. पण मग काम बिघडलं तर घरमालकाने कुणाकडे जायचं? चांगल्या संस्था म्हणूनच अनुभवी कारागीर सोबत ठेवतात आणि काम तपासून घेतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. खाणींनी डोंगर पोखरले, सरकारने अनुदान आखडलं, विम्याने हात वर केले, आणि भरपाई करायला आले शाळेतली मुलं. चर्च जितकं चांगलं काम करेल, तितकी इतरांची जबाबदारी विसरली जाईल, ही भीती खोटी नाही. पण ज्याच्या पलंगावर आज पाणी गळतंय, त्याला धोरण बदलेपर्यंत थांबा असंही म्हणता येत नाही.

सध्या काय चाललंय?

सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन' चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम भाग आणि पूर्व टेनेसी झोडपून काढला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरात. इथे घरांसोबत आणखी एक गोष्ट वाहून गेली, खासगी पूल. डोंगरात घर ओढ्याच्या एका काठाला आणि रस्ता दुसऱ्या काठाला, अशी रचना सर्रास आहे. मधला पूल कुटुंबाने स्वतः बांधलेला. तो सरकारी नाही, म्हणून सरकार रस्त्यांसोबत तो दुरुस्त करत नाही. घराचा विमाही सहसा त्याला लागू होत नाही. आणि पूल नाही तर रुग्णवाहिका नाही, अग्निशमन दलाची गाडी नाही, लाकडाने भरलेला ट्रकही नाही.

म्हणजे घर दुरुस्त करायचं तर आधी पूल बांधायला हवा. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिसने वेस्ट व्हर्जिनियात आधीच्या पुरांनंतर असे छोटे पूल बांधले होते. पुलाचा आराखडा अभियंत्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो, ओढ्यात काम करायला परवानग्या लागतात, काठ खणून पाया घ्यावा लागतो. पाणी वाढलं की काम थांबतं. एवढं करून जे उभं राहतं, ते म्हणजे पलीकडच्या एका घरापर्यंत जाणारा, एक गाडी जाईल एवढ्या रुंदीचा पूल. घराचं काम त्यानंतर सुरू होतं.